भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

मुलीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख, आणि घरचा कॉम्प्युटर वेबसाइट 'असुरक्षित' म्हणून उघडतच नाही. बीडच्या बाजारात लगेच सल्ला मिळतो, 'नवाच घ्या.' आमचे म्हणणे, आधी स्क्रीनवरची तारीख बघा. ती दरवेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटणासारखा सेल बहुधा संपलेला असतो. भिंतीवरचे बटण बंद असले किंवा वीज गेली, की कॉम्प्युटरचे घड्याळ याच सेलवर चालते. म्हणून आपल्याकडे तो लवकर दमतो. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट दार उघडत नाही. सेल स्वस्त मिळतो, बदलणेही अवघड नाही. प्लग काढा, कॅबिनेट उघडा, लोखंडी पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. उघडलेच आहे तर मऊ ब्रशने धूळही काढा. पंखा मात्र बोटाने धरून ठेवा.

मशीन फारच रेंगाळत असेल, तर मार्कशीट, फोटो पेनड्राइव्हवर घेऊन हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घ्या. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नसेल, तर लिनक्स मिंट फुकट आहे, मराठीतही चालते.