कॅनव्हासबाहेरची मुंबई

मुंबईतल्या मिश्र-माध्यम कलेचा विचार डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांना वगळून करता येत नाही. त्याआधीही प्रयोग होत होते. १९९२ मध्येच नलिनी मलानी यांनी केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर थेट चित्रे काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती पुसली गेली. पण बाबरी मशीद पाडली गेली, शहरात दंगली उसळल्या आणि अनेक चित्रकारांना नुसता रंग अपुरा वाटू लागला. मडकी, खिळे, पत्र्याच्या ट्रंका, दुकानांची शटर अशा रोजच्या वस्तू कलेत आल्या.

रुमाना हुसेन (१९५२–१९९९) तोवर चित्रे रंगवत. दंगलींनंतर त्यांनी फुटक्या मडक्यांचे तुकडे, आरसे, गेरू आणि नीळ हाती घेतली. अर्धे मडके घुमटासारखे दिसते आणि गर्भार पोटासारखेही. पाडलेली वास्तू आणि बाईचे शरीर एकाच आकारात येतात. १९९५ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात केलेल्या सादरीकरणात त्या हातात कापलेली पपई घेऊन फिरल्या, तोंड किंकाळीसाठी उघडलेले, आवाज मात्र नाही. मुसलमान स्त्री म्हणून या शहरात जगणे म्हणजे काय, हे त्यांनी थेट मांडले. त्यांच्या कामाची दखल मराठीत अजूनही फार थोडी घेतली गेली आहे.

दिल्लीतल्या विवान सुंदरम यांनी मुंबईच्या रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचे वर्तमानपत्री छायाचित्र घेतले. ते होशी जाल यांनी टिपले होते. त्यावर खिळे ठोकून सुंदरम यांनी ‘मेमोरियल’ (१९९३) उभारले. पत्र्याच्या ट्रंका रचून केलेली कमानही त्यात होती. अशाच ट्रंका मलानींच्या ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’मध्ये पुन्हा दिसतात. कराचीत जन्मलेल्या मलानींचे कुटुंब फाळणीत इकडे आले. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर त्यांनी उर्दू लेखक मंटोंच्या कथेवरून हे काम केले आणि ट्रंकांत व्हिडिओचे पडदे ठेवले. निर्वासिताच्या सामानातूनच आठवण बोलू लागते.

सर्वांत अस्सल मुंबईकर माध्यम मात्र घाटकोपरच्या अतुल दोडियांचे. दंगल म्हटली की या शहराला आधी आठवते ती धडाधड खाली येणारी शटर. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांची रंगवलेली शटर मांडली गेली. ‘महालक्ष्मी’ (२००२) या कामात बाहेर कॅलेंडरवरची लक्ष्मी आहे. शटर वर सरकवले की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. देवी आणि मुली एकाच वेळी पूर्ण दिसत नाहीत, ही रचना साध्या कॅनव्हासवर साधली नसती.

पुढच्या पिढीत रोष निवळून नोंदी, दस्तऐवज आले. रीना सैनी कल्लाट यांनी २०१३ मध्ये भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भागावर रबरी शिक्क्यांचे प्रचंड कोळिष्टक टांगले. शिक्क्यांवर रस्त्यांची बदललेली, वसाहतकाळातली नावे होती. सरकारी कचेरीतला शिक्का माणसाला ओळख देतो आणि काढूनही घेतो. त्याच वस्तूने पुसलेली नावे पुन्हा उभी राहिली.

प्रभाकर पाचपुते यांच्यामुळे या कलेचा विषय मुंबईबाहेर गेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे हे चित्रकार. घरच्या तीन पिढ्या कोळसा खाणींशी बांधलेल्या. २०१२ मध्ये मुंबईतल्या क्लार्क हाउस इनिशिएटिव्हमध्ये त्यांनी कोळशाने भिंतींवर खाणकामगार रेखाटले, डोक्याच्या जागी वस्तू असलेले. खाणीखाली गेलेली शेते आणि गावे हा त्यांच्या कामाचा विषय आजही आहे.