विश्लेषण : पोकरमध्ये ‘ब्लफ’ पचतो कसा? चेहऱ्यापेक्षा गोष्ट महत्त्वाची!

खो-खोमध्ये पळणारा एका बाजूला झुकतो आणि दुसऱ्या बाजूने निसटतो. ही हूल धाराशिव जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. जिल्ह्याच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. परंड्यातल्या शाळकरी मुलांनाही हूल ठाऊक असते. तीन पत्तीत हलकी पाने हातात असताना जोरात चाल करणाराही हूलच देत असतो. पोकरमध्ये तिला ‘ब्लफ’ म्हणतात. फरक एवढाच, की इथे ती चार टप्प्यांत द्यावी लागते.

डाव कसा चालतो?

‘टेक्सास होल्डेम’ या लोकप्रिय प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात. मग टेबलावर आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक पान सर्वांसाठी उघडले जाते. सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी पाने उघडल्यावर पैज लावता येते.

समजा, टेबलावर आधी दोन बदाम आले आणि शेवटच्या पानाला तिसरा. तुमच्या हातात एकही बदाम नाही, पण ‘माझ्याकडे दोन आहेत’ असे भासवायचे आहे. मग बदामवाला जसा खेळला असता, तसे पहिल्या फेरीपासून खेळावे लागते. मधल्या फेऱ्यांत गप्प राहून शेवटी एकदम मोठी पैज लावली, तर समोरचा विचारतो, ‘मग इतका वेळ काय करत होतास?’ मधला प्रसंग गाळलेल्या नाटकासारखे ते उघडे पडते.

किती वेळा थाप मारायची?

टेबलावर १०० चिप्स आहेत आणि तुम्ही आणखी १०० लावल्या. ब्लफ फायद्यात राहण्यासाठी समोरच्याने निम्म्याहून अधिक वेळा डाव सोडायला हवा. त्याला मात्र १०० भरून २०० मिळवायच्या असतात. म्हणजे तीनांत एकदा तुम्ही खोटे निघालात तरी त्याची बरोबरी होते. म्हणून शेवटच्या फेरीत एवढी पैज लावताना ब्लफचे प्रमाण साधारण तीनांत एक ठेवतात. कधीच थाप न मारणाराही पकडला जातो, कारण त्याने पैज लावली की सगळे डाव सोडून देतात.

चेहरा नसेल तर?

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना १ लाख २० हजार डावांत हरवले. तिला ना चेहरा होता, ना घाम फुटत होता. तरीही ती ब्लफ करत होती, फक्त पैजांच्या आकड्यांतून. चित्रपटांनी ‘पोकर फेस’चे जरा जास्तच कौतुक करून ठेवले आहे.

मोबाइलवर तर समोरच्याचा चेहरा दिसतच नाही. दिसतात फक्त आकडे आणि लागलेला वेळ. समोर माणूस आहे की प्रोग्रॅम, हेही खेळणाऱ्याला कळत नाही. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ ही जाहिरात खोटी नव्हती, पण कौशल्य ज्याचे जास्त, पैसा त्याच्याकडे जातो. शिवाय चालवणारी कंपनी आपला वाटा कापते, तो वेगळाच.

कायदा काय म्हणतो?

न्यायालयांत कौशल्य की नशीब, हा वाद बराच चालला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा फरकच बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कोणताही असो, तो पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्यांसाठी दोन वर्षे आणि ५० लाख. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही.