निकालाची वर्षं, निकालाविना वर्षं

23 फेब्रुवारी 2017 रोजी यवतमाळ जिल्हा परिषदेचे निकाल लागले. 61 जागांपैकी शिवसेना 20, भाजप 18, काँग्रेस 11, राष्ट्रवादी 11 आणि उरलेली एक या चौघांबाहेरची. बहुमताला 31 हवे होते, आणि ते कुणाकडेच नव्हते. त्या दिवशी गुलाल उधळणाऱ्या कार्यकर्त्यांना, हरलेल्या उमेदवारांना, आम्हा मतदारांनाही वाटलं की पाच वर्षांनी, 2022 मध्ये, पुन्हा हाच खेळ मांडला जाईल. तो मांडला गेला नाही. म्हणून त्या निकालाकडे आज मागे वळून पाहताना केवळ कोण जिंकलं एवढंच पाहून चालत नाही.

आधी त्या आकड्यांबद्दल. अवघ्या अडीच वर्षांपूर्वी, 2014 च्या विधानसभा निवडणुकीत, जिल्ह्यातल्या सातपैकी पाच जागा भाजपने घेतल्या होत्या. वणी, राळेगाव, यवतमाळ, आर्णी आणि उमरखेड. पुसदला मनोहर नाईकांनी राष्ट्रवादीचा गड राखला, दिग्रसला संजय राठोडांनी शिवसेनेचा. काँग्रेसच्या हाती भोपळा आला. म्हणजे विधानसभेत एक आमदार असलेला पक्ष जिल्हा परिषदेत पहिला आला, आणि एकही आमदार नसलेल्या काँग्रेसला अकरा गट, म्हणजे जिल्हा परिषदेचे मतदारसंघ, मिळाले. विधानसभेला माणूस लाट पाहून मत देतो, पण गटात उभा असलेला उमेदवार त्याने लग्नात, तेरवीला, बाजार समितीच्या आवारात पाहिलेला असतो. त्याने हातपंपासाठी किती चकरा मारल्या, पांदण रस्त्याचं काम कुणी आणलं, मागच्या दुष्काळात टँकर कुणाच्या वस्तीवर आधी गेला, हे सगळं मतदाराला तोंडपाठ असतं. दारव्हा, दिग्रस, नेर या पट्ट्यात शिवसेनेची जी बांधणी होती ती अशीच गावोगावच्या माणसांची होती. तिचं वजन विधानसभेच्या आकड्यात दिसलं नव्हतं, गटांच्या मोजणीत दिसलं.

मग अध्यक्षपदाची निवडणूक आली. मुंबईत शिवसेना आणि भाजप एकाच सरकारात बसले होते. जिल्ह्यातले राठोड आणि मदन येरावार दोघेही त्याच सरकारात राज्यमंत्री होते. दोन्ही पक्षांची बेरीज 38 होत होती. तरी यवतमाळात ते एकत्र आले नाहीत. भाजपने काँग्रेस आणि राष्ट्रवादीला सोबत घेतलं, माधुरी आडे अध्यक्ष झाल्या आणि सर्वाधिक जागा जिंकलेली शिवसेना विरोधी बाकांवर बसली. 2019 च्या अखेरीस मुंबईत महाविकास आघाडीचं सरकार आलं, तसं 2020 च्या जानेवारीत इथलंही चित्र फिरलं आणि शिवसेनेच्या कालिंदा पवार अध्यक्ष झाल्या. सभागृहातले सदस्य तेच होते, मतदारांनी दिलेला कौलही तोच होता. या दोन्ही आघाड्यांचं मला आजही समर्थन करता येत नाही. गटातल्या माणसाने गावच्या कामावर दिलेलं मत अध्यक्ष निवडताना वरच्या हिशेबात जमा झालं.

हे दुःख यवतमाळला अधिक आहे, कारण जिल्हा परिषद ही कल्पनाच या मातीतल्या माणसाने घडवली. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक 1960 मध्ये महसूलमंत्री होते. महाराष्ट्राची स्थापना होऊन दोन महिनेही उलटले नव्हते, तेव्हा त्यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली गेली. मार्च 1961 मध्ये तिने 226 शिफारशींचा अहवाल दिला. त्याआधी 1957 मध्ये बलवंतराय मेहता समितीने देशासाठी जो आराखडा सांगितला होता, त्यात भर होता तालुका पातळीवरच्या पंचायत समितीवर, आणि जिल्ह्याच्या संस्थेकडे मुख्यतः देखरेख होती. नाईक समितीने हा क्रम बदलला. योजना आखायला, पैसा वापरायला, चांगले अधिकारी ठेवायला जिल्हा हाच योग्य घटक आहे, असं तिचं मत पडलं. जिल्हा परिषदेत लोकांनी थेट निवडलेले सदस्य असावेत, जिल्हाधिकाऱ्यांना तिच्या बाहेर ठेवावं, कारभारासाठी वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी द्यावा, खासदार-आमदारांनी तिथे बसू नये, हे तिने ठरवलं. 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

खासदार-आमदारांनी तिथे बसू नये, या शिफारशीचं महत्त्व मला फार वाटतं. आमदाराला दूर ठेवल्यामुळे गावातल्या शाळामास्तराच्या मुलाला, कास्तकाराला, तांड्यावरच्या नायकाला स्वतःची जागा मिळाली. नाईक स्वतः पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले होते, त्यामुळे खालचं सभागृह माणसाला काय शिकवतं हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांचे पुतणे सुधाकरराव गहुलीचे सरपंच झाले, पुसद पंचायत समितीचे सभापती झाले, सत्तरच्या दशकात यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले आणि 1991 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री. पंचायत राज्याची शिडी पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत चढून गेलेला मुख्यमंत्री म्हणून त्यांचं नाव घ्यावं लागतं.

पण ही शिडी 2022 च्याही आधी एकदा काढून घेतली गेली होती. 1962, 1967, 1972, 1979 अशा निवडणुका झाल्या आणि त्यानंतर थेट 1992. तेरा वर्षं! या काळात राज्यात एकामागून एक मुख्यमंत्री बदलले, विधानसभेच्या निवडणुका झाल्या, लोकसभेच्या झाल्या. फक्त जिल्हा परिषदेची निवडणूक पुढे पुढे जात राहिली. ती अखेर झाली ती सुधाकररावांच्याच कारकिर्दीत. महिलांना 30 टक्के जागा राखून झालेली ही पहिली जिल्हा परिषद निवडणूक. पुढच्याच वर्षी 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पाच वर्षांची मुदत राज्यघटनेत लिहिली गेली. 1997, 2002, 2007, 2012, 2017 या पाचही निवडणुका ठरल्या वर्षी झाल्या. त्यामुळे वाटलं, आता हे कायमचं झालं.

या काळात सभागृहाचा चेहरा बदलला. 2012 पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. आरक्षणाची सोडत ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो प्रसंग विसरता येत नाही. काचेच्या भांड्यात चिठ्ठ्या टाकल्या जातात, शाळेतलं एखादं लहान पोर पुढे येऊन एक चिठ्ठी उचलतं, अधिकारी ती उलगडून सर्वांना दाखवतात. 'महिलेसाठी सुटला' असं जाहीर होताच मागच्या रांगेत बसलेले इच्छुक फोन कानाला लावून बाहेर पडतात. त्या फोनवरून कितीतरी बायकांची उमेदवारी ठरली, हे खरं आहे. सभेत पतिराज मागच्या खुर्चीवर बसून खाणाखुणा करत, हेही खरं. पण दुसऱ्या वर्षी तीच बाई सर्वसाधारण सभेत उभी राहून शाळेच्या गळक्या छताचा फोटो दाखवते आणि उपअभियंत्याला जागेवर उभं राहून तारीख सांगावी लागते. ती तारीख इतिवृत्तात येते, पुढच्या सभेत ती पुन्हा विचारली जाते. हा धाक फार मोठा आहे, आणि तो फक्त निवडून आलेल्या माणसालाच घालता येतो.

शहरांतल्या निकालांवर थोडक्यात. नोव्हेंबर 2016 मध्ये, नोटाबंदीनंतर तीन आठवड्यांच्या आत, नगर परिषदांचं मतदान झालं. हद्दवाढीत वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा अशा लगतच्या ग्रामपंचायती सामावून घेतल्यावरची यवतमाळ शहराची ती पहिली निवडणूक. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता. शहराने नगराध्यक्षपदी शिवसेनेच्या कांचन चौधरींना बसवलं आणि सभागृहात भाजपचं संख्याबळ मोठं केलं. पुढची पाच वर्षं ही दोन टोकं एकमेकांना ओढत राहिली. थेट निवडीचा नियमही स्थिर नव्हताच. 2001 ला आला, 2006 ला गेला, 2016 ला परत आला, 2020 ला गेला, 2022 ला पुन्हा आला. सरकार बदललं की नगराध्यक्ष निवडण्याची रीत बदलते, हे कुठल्याही शहरासाठी चांगलं नाही.

आणि मग थांबणं सुरू झालं. 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात निकाल दिला की स्थानिक संस्थांमधलं नागरिकांच्या मागास प्रवर्गाचं आरक्षण तीन कसोट्यांवर उतरलं पाहिजे. मागासलेपणाची माहिती गोळा करायला आयोग हवा, त्या त्या संस्थेपुरतं प्रमाण ठरवायला हवं आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत हवं. न्यायालयाचं म्हणणं तर्काला धरून होतं. पण यवतमाळवर त्याचा घाव वेगळा पडला, कारण इथल्या जिल्हा परिषदेत विमुक्त जाती आणि भटक्या जमातीही याच प्रवर्गाच्या 27 टक्क्यांत मोजल्या जातात. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागावकडच्या तांड्यांवरचा बंजारा समाज याच दाराने सभागृहात येतो. दुसरीकडे केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव या तालुक्यांतली गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, आदिवासींची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या जागा लोकसंख्येप्रमाणे देणं बंधनकारक आहे. या दोन रास्त हक्कांची बेरीज 50 च्या वर जाते. गणिताचा हा पेच सोडवायची जबाबदारी सरकारांची होती. ती त्यांनी वेळेत उचलली नाही. डिसेंबर 2021 मध्ये महागाव, कळंब, बाभूळगाव, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी या नगर पंचायतींचं मतदान झालं तेव्हा या प्रवर्गाच्या जागा बाजूला ठेवल्या गेल्या आणि 18 जानेवारी 2022 रोजी त्या सर्वसाधारण म्हणून भरल्या गेल्या.

21 मार्च 2022 पासून जिल्हा परिषदेत प्रशासक आले. कालपर्यंत ज्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला सभागृह प्रश्न विचारत होतं, तोच सभागृह झाला. पंचायत समित्यांमध्ये गटविकास अधिकारी. एका गटात पंचायत समितीचे दोन गण, म्हणजे 61 गटांचे 122 गण, एकूण 183 लोकप्रतिनिधी एका महिन्यात घरी बसले. अधिकाऱ्यांनी काम केलं नाही असं मी म्हणणार नाही, त्यांतले काही फार मन लावून राबले. पण झरीच्या टोकावरच्या कोलामपोडावरून यवतमाळला येऊन साहेबांच्या दारात उभं राहणं आणि आपल्या गटाच्या सदस्याला बाजाराच्या दिवशी चौकात अडवणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

त्यातून आणखी काय काय कोसळलं, हे फारसं कुणी बोलत नाही. जिल्हा नियोजन समितीत चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडलेले असावेत, असं राज्यघटना सांगते. संस्थाच नाहीत, तर ते यायचे कुठून? विधान परिषदेची यवतमाळ स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाची जागा घ्या. तिचे मतदार म्हणजे जिल्हा परिषद सदस्य, नगरसेवक, पंचायत समित्यांचे सभापती. 2016 मध्ये या जागेवरून उस्मानाबाद जिल्ह्यात राजकारण करणारे तानाजी सावंत निवडून आले, ते विधानसभेत गेल्यावर 2020 च्या पोटनिवडणुकीत नागपूरचे दुष्यंत चतुर्वेदी आले. जिल्ह्याबाहेरची माणसं इथल्या मतांवर वरच्या सभागृहात गेली, याची खंत तेव्हाही होती. डिसेंबर 2022 मध्ये चतुर्वेदींची मुदत संपली आणि बहुतेक मतदारच उरले नसल्याने ती जागा रिकामी राहिली.

निवडणुका लांबल्या म्हणून सभागृह रिकामं व्हायलाच हवं असं नाही. इंग्लंडमध्ये मे 2020 मध्ये व्हायच्या स्थानिक निवडणुका कोरोनामुळे वर्षभर पुढे गेल्या आणि 6 मे 2021 रोजी झाल्या. त्या वर्षात तिथल्या सदस्यांची मुदत वाढवली गेली, कुठलंही सभागृह माणसांवाचून राहिलं नाही. शिवाय तिथल्या अनेक जिल्हा परिषदांमध्ये दरवेळी एक-तृतीयांश जागांचीच निवडणूक होते, त्यामुळे सगळं सभागृह एकदम रिकामं व्हायचा प्रश्नच येत नाही. आपल्या घटनेत मुदत पाच वर्षांहून अधिक नसावी असं आहे, म्हणून सदस्यांना मुदतवाढ देता आली नाही. त्याच कलमात मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करावी, असंही लिहिलेलं आहे. पहिलं पाळलं गेलं, दुसरं चार वर्षं टांगून ठेवलं.

खाली ग्रामपंचायती मात्र चालू राहिल्या. जानेवारी 2021 च्या टप्प्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यातल्या 980 ग्रामपंचायतींचा कार्यक्रम लागला होता. कोरोनातही लोक मतदानाला रांगा लावून उभे राहिले, कितीतरी जागा अविरोध झाल्या. या जिल्ह्याला मतदानाचा कंटाळा आलेला नाही.

6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं, सप्टेंबरमध्ये 31 जानेवारी 2026 ही शेवटची तारीख दिली. 2 डिसेंबरला नगर परिषदांचं मतदान झालं, यवतमाळ शहराचं मात्र 20 डिसेंबरवर गेलं आणि 21 तारखेला राज्याची मोजणी एकत्र झाली. त्यानंतर जानेवारीत 12 जिल्हा परिषदांचा कार्यक्रम जाहीर झाला. त्यात कोकणातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या, मराठवाड्यातल्या परिषदा होत्या, विदर्भातली एकही नव्हती. आरक्षण 50 टक्क्यांच्या आत असणाऱ्यांना आधी संधी मिळाली. यवतमाळ पुन्हा मागे राहिलं, आणि 2017 च्या मतदानानंतर लगोलग अठरा वर्षांची झालेली इथली मुलं-मुली आपल्या गटासाठी एकदाही बटण न दाबता पंचविशी गाठून पुढे गेली.