आमचं चौरसिया, त्यांचं आन्की

गेल्या दिवाळीत लेक चार दिवस घरी आली ती लॅपटॉप उघडूनच. चकल्या पाडता पाडता हात पुसायची आणि स्पेसबार दाबायची. "आई, आज ६०० कार्डं आहेत. आज राहिली तर उद्याच्यांत भर."

कार्डं म्हणजे आन्की. जपानीत या शब्दाचा अर्थच पाठांतर!

मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाले. चौरसिया, गायटन, रॉबिन्स आणि पिवळा हायलायटर, एवढंच आमचं भांडवल. लेक इथे अमेरिकेत दुसऱ्या वर्षाला. लेक्चरला क्वचितच जाते. पॅथॉलॉजी 'पॅथोमा'च्या व्हिडिओंतून, जंतू 'स्केची'च्या चित्रांतून, प्रश्न 'यूवर्ल्ड'चे. एवढी फी भरून वर्गात बसायचं नाही, यावरून आमचे बरेच खटके उडाले.

पण एक कबूल करते. रॉबिन्सचं एकेक प्रकरण मी तीनतीनदा वाचायचे आणि सगळं येतंय असं वाटायचं. व्हायव्हात "ग्रॅन्युलोमा म्हणजे काय?" एवढंच विचारलं, तर पानावरचा चहाचा डाग आठवला, व्याख्या नाही. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये हेच प्रयोगाने दाखवलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचलेलं न बघता आठवून पाहणारे पुढे. कार्ड तेच करायला लावतं. चुकलं की लवकर परत येतं, जमलं की लांबणीवर जातं.

जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला गुण नाहीत, नुसतं पास-नापास. दडपण उतरेल असं वाटलं होतं. ते स्टेप टूच्या गुणांवर जाऊन बसलं. आणि नापासाची नोंद पुसली जात नाही ती नाहीच.

मार्चमध्ये माझी आई गेली. लेक नऊ दिवस पुण्यात होती. परतली तेव्हा कार्डं साडेतीन हजारांवर. दोन रात्री नुसती बटणं दाबत राहिली. सराव परीक्षेत पासच्या रेषेखाली आली आणि फोनवर रडली. म्हणाली, "आजीसाठी रडायलाही वेळ नाही गं."

मी म्हटलं, तो ढीग बंद कर. परीक्षा पाच आठवडे पुढे ढकलली. रोज ४० प्रश्न, कार्डं फक्त चुकलेल्यांची. आणि रात्री फोनवर, स्क्रीन न बघता, एक केस मला समजावून सांगायची. मी मुद्दाम अडाण्यासारखी विचारायचे. एकदा विचारलं, "ग्रॅन्युलोमा म्हणजे काय गं?" तिने न अडखळता सांगितलं. मग आजीच्या जुन्या टीबीविषयी आम्ही तासभर बोललो.

जुलैत निकाल आला. पास.

"आणि कार्डं?"

"आजची ३२० राहिलीत. ठेवते फोन."