घाटांचा दगड, डोंगरातील चित्रे

वाराणसीचे घाट ज्या चुनारच्या वालुकाश्माने बांधले, तो विंध्याचा. त्याच डोंगररांगेत, मिर्झापूर जिल्ह्यात अहरौराजवळील लिखनियाच्या शैलाश्रयांत प्राचीन मानवाने गेरूने चित्रे रेखाटली. मिर्झापूर परिसरातील अशी चित्रे आर्चिबाल्ड कार्लाइल यांना १८६७-६८ मध्ये आढळली. स्पेनमधील अल्तामिराची चित्रे त्यानंतर, १८७९ मध्ये उजेडात आली.

प्रेक्षकांच्या श्वासाने बिघडू लागलेली लास्को गुहा फ्रान्सने १९६३ मध्ये बंद केली. उघड्या शैलाश्रयाला मात्र दार नसते. सच्छिद्र दगडात पाणी झिरपते, चुलीचा धूर बसतो. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या मला म्हणूनच वाटते, की केवळ फलक लावून भागणार नाही. चित्र, खडक, ओढा आणि वन यांचे मिळून एकच संरक्षित क्षेत्र आखले पाहिजे.