कॉर्न आणि दाणे

इंग्लंडच्या इतिहासाचे भाषांतर करावयास बसलेल्या एखाद्या नवशिक्याने ‘कॉर्न लॉज’चा तर्जुमा ‘मक्याचे कायदे’ असा निःशंकपणे करून टाकला, तर त्याला फारसा दोष देता येणार नाही. पॉपकॉर्न आणि स्वीट कॉर्न यांनी कॉर्न म्हणजे मका ही आपली समजूत पुरती पक्की करून टाकली आहे. परंतु देशी गव्हाचा भाव ‘क्वार्टर’ या मापामागे ८० शिलिंगांपर्यंत चढेतो परदेशी गव्हाला मज्जाव करून १८१५ साली ज्या कायद्यांनी तेथील जमीनदारांचे उखळ पांढरे केले, आणि जे अखेर १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी स्वपक्षीयांचा रोष पत्करून रद्द करविले, त्यांचा सारा झगडा धान्याचा, विशेषतः गव्हाचा होता.

कॉर्नचा मूळ अर्थ कण किंवा दाणा. म्हणून मिऱ्याचा दाणा ‘पेपरकॉर्न’, आणि मिठाच्या जाड खड्यांत मुरविलेले गोमांस ‘कॉर्न्ड बीफ’. त्यात मका शोधणाऱ्याची निराशाच व्हायची. दाण्यावरून धान्य, आणि धान्यावरून त्या त्या मुलखातले मुख्य पीक, अशा ओघाने हा शब्द इंग्लंडात गव्हाला आणि स्कॉटलंडात ओटला चिकटला. अमेरिकेत वसाहत करणाऱ्यांनी तेथील मूळ रहिवाशांच्या पिकाला ‘इंडियन कॉर्न’ म्हटले. पुढे विशेषण गळाले आणि मका तेवढा कॉर्न होऊन बसला. १६११ च्या इंग्रजी बायबलात योसेफाने मिसर देशी साठविलेले ‘कॉर्न’ वाचताना मात्र मक्याची कोठारे डोळ्यांपुढे आणू नयेत. कोलंबस १४९२ मध्ये पलीकडे पोहोचण्यापूर्वी मिसरात मका कोठून असणार!

यावरून इंग्रजांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. भंडारा-गोंदियाकडे ‘धान’ म्हणजे भातच. आणि ‘दाणा’ हा फारसी वळणाचा, ‘धान्या’चा भाऊबंद शब्द दाणावैरणीच्या हिशेबात वाटेल त्या धान्याला चालत असला, तरी सासूबाईंनी ‘दाणे भाजायला ठेव’ म्हटल्यावर सून ज्वारीच्या डब्याला हात लावीत नाही. शेंगदाण्यातली शेंग कधीच गळाली; आणि भुईमूग तरी मक्यासारखाच अमेरिकेतून आलेला! एकादशीला धान्य वर्ज्य. दाणे मात्र साबुदाण्याच्या खिचडीत मूठभर जास्तच पडतात.