आयाळीचा भार, शेपटाची भाषा

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तो आळेफाट्याचा चौक वर्षभर फलकांनी भरलेला असतो. फेब्रुवारी उजाडला की त्या फलकांवर घोडे अवतरतात. १९ फेब्रुवारी १६३० रोजी ज्या शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो गड याच तालुक्यातला; त्यामुळे शिवजयंतीच्या दिवसांत अश्वारूढ महाराज नसलेला फलक येथे शोधावा लागतो. ही चित्रे आता भिंतीवर किंवा कापडावर क्वचितच रंगवली जातात. ती संगणकाच्या पडद्यावर तयार होतात आणि रातोरात फ्लेक्सवर छापली जातात. महाराजांची मुद्रा, जिरेटोप, तलवारीची मूठ यांवर चित्रकाराने कष्ट घेतलेले दिसतात. घोड्याच्या मानेपाशी आल्यावर मात्र चित्र ढासळते. आयाळ तेल लावलेल्या दोरखंडासारखी लोंबते आणि शेपूट मागून खोचलेल्या केरसुणीसारखे दिसते.

हा दोष हाताचा कमी आणि डोळ्याचा अधिक आहे. घोडा रोजच्या जीवनातून दूर गेला, आणि न पाहिलेली वस्तू रंगवताना चित्रकार दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करू लागला. संगणकावर वास्तव वाटेल अशी आयाळ आणि शेपूट रंगवणे अवघड खरे. पण त्याची वाट सॉफ्टवेअरच्या आधी जिवंत जनावराकडे जाते.

केस उगवतात कोठून?

आयाळ मानेच्या वरच्या कडेवरील एका अरुंद पट्ट्यातून उगवते. कानांच्या मागून निघून ती खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत जाते. तिचाच एक झुपका दोन कानांमधून पुढे कपाळावर येतो. नवशिका चित्रकार संपूर्ण मानेवर केस पसरवतो आणि घोड्याला सिंहाचे रूप देतो. प्रत्यक्षात केस त्या पट्ट्यातून किंचित वर उठतात आणि मग आपल्याच भाराने एका बाजूस, कधी दोन्ही बाजूंस, कलंडतात. मुळाशी असलेली ही छोटी कमान रंगवली की आयाळ मानेला चिकटवल्यासारखी दिसत नाही.

शेपटाचेही तसेच. घोड्याचे शेपूट म्हणजे पाठीच्या कण्याचाच पुढचा भाग. त्यात साधारणपणे अठराच्या आसपास लहान मणके असतात, आणि ते संपल्यावर खाली लोंबतो तो केवळ केसांचा झुपका. म्हणून शेपूट काढताना आधी पाठीची रेषा पुठ्ठ्यावरून पुढे न्यावी, तिच्या टोकाशी हाडाचा जाड भाग दाखवावा आणि मग केसांना मोकळे सोडावे. वरचा भाग हाडाप्रमाणे वाकतो, खालचा वाऱ्याप्रमाणे. शेपटाचा केस आयाळीच्या केसापेक्षा जाड व राठ असतो, त्यामुळे शेपटाची वळणे मोठी आणि आयाळीची बारीक ठेवावीत.

आधी भार, मग केस

पडद्यावर एकेक केस ओढत बसणे ही सर्वांत मोठी चूक. तासन्‌तास खपून हजार केस काढले तरी त्यांतून आयाळ होत नाही, गवताची पेंढी होते. डोळे किंचित मिटून घोड्याकडे पाहिले तर केस दिसत नाहीत. तीन-चार मोठ्या बटा, त्यांच्यामधल्या काळोख्या फटी आणि वरचा उजेड एवढेच दिसते. चित्राची सुरुवात तेथूनच करावी.

फोटोशॉप असो किंवा मोफत मिळणारे क्रिटा असो, क्रम एकच. पहिल्या थरावर मोठ्या, बोथट ब्रशने आयाळीचा संपूर्ण आकार एकाच गडद छटेत भरावा. हा आकारच दुरून ओळखू आला पाहिजे. दुसऱ्या थरावर मध्यम छटेने बटांची दिशा दाखवावी. प्रत्येक बट मुळाशी रुंद, मध्ये वळलेली आणि टोकाला निमुळती. पेन टॅबलेटवर हाताचा दाब हळूहळू कमी केला की हे टोक आपोआप साधते. तिसऱ्या थरावर उजेड. सर्वांत शेवटी, अगदी बारीक ब्रशने, कडेवरचे मोजके सुटे केस. हे केस भाताच्या पानातील मिठासारखे आहेत. थोडे असले तर चव, जास्त झाले तर सगळेच वाया.

एक थर मात्र बहुतेक जण विसरतात: आयाळीची मानेवर पडणारी सावली. ती आयाळीच्या खाली, मानेच्या वर, वेगळ्या थरावर ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने घालावी. ती नसेल तर कितीही सुंदर केस कागदावरच्या नक्षीसारखे सपाट राहतात.

दहा बाय आठ फुटांचा फलक इंचाला ७२ पिक्सेल धरून केला तर चित्र ८६४० बाय ६९१२ पिक्सेलचे होते. एवढ्या मोठ्या पटावर प्रत्येक केस रंगवण्याचा मोह होतो. पण गाडीतून चौक ओलांडणारा माणूस तो फलक काही क्षणच पाहतो. त्याच्या डोळ्यांत फक्त भार आणि उजेड उतरतो. जुन्या शिल्पकारांना हे ठाऊक होते. तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछन घोडा आहे. मूर्तीच्या आसनावर तो केवढासा असतो! छिन्नीच्या चार-पाच रेघांत त्याची आयाळ उभी करावी लागते, आणि त्या रेघा योग्य वळणाच्या असल्या की घोडा ओळखू येतो. पाठशाळेतील मुलांना लांछने रंगवायला देताना हीच गोष्ट दाखवता येईल: आधी आकार, मग थोड्या रेघा.

उजेड आणि रंग

केसांवरची चकाकी केसांच्या लांबीला धरून धावत नाही. ती त्यांना आडवी जाते. आयाळ जेथे बाहेरच्या बाजूस फुगते तेथे उजेडाचा एक तुटक पट्टा उमटतो, आणि प्रत्येक बटेवर तो थोडा वर-खाली सरकतो. हा आडवा पट्टा नेमका साधला की निम्मे काम होते. उघड्या आभाळाखाली काळ्या आयाळीवरची चकाकी निळसर असते, कारण गुळगुळीत केस आभाळाचाच रंग परत पाठवतात. म्हणून काळ्यावर नुसता पांढरा रंग फिरवला की तो पिठासारखा दिसतो. मात्र पडद्यावरचा तेजस्वी निळा छपाईत मंद होतो, याचा अंदाज आधीच घ्यावा. सकाळी सूर्य घोड्याच्या मागे असेल तर शेपटाच्या कडेचे विरळ केस सोनेरी पेटतात आणि मधला दाट भाग काळोखा राहतो.

रंगांचे नियम निसर्गाने ठरवलेले आहेत. कुमैत घोड्याचे अंग तपकिरी, पण आयाळ, शेपूट आणि पायांचे खालचे भाग काळे असतात. तांबूस घोड्याची आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा त्याहून फिकट असते. काळी कधीच नसते. फलकांवर तांबूस पायांच्या घोड्याला काळीभोर आयाळ दिलेली दिसते, तसा घोडा कोणत्याही तबेल्यात सापडणार नाही. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेल्या घोड्याला पंचकल्याणी म्हणतात. हा शब्द जैन वाचकाच्या कानाला ओळखीचा वाटेल, जरी येथे त्याचा अर्थ निराळा आहे. बहुतेक पांढरे घोडे जन्मतः गडद असतात आणि वयानुसार उजळत जातात. त्यांची कातडी काळसरच राहते. त्यामुळे त्यांची आयाळ कोऱ्या कागदासारखी पांढरी रंगवू नये, सावलीत निळसर आणि शेपटाच्या टोकाशी मातकट ठेवावी. जुन्या लघुचित्रांत पांढऱ्या घोड्यांची शेपटे मेंदीने तांबडी केलेली दिसतात, हेही ऐतिहासिक चित्र काढणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

धावणारा घोडा

१८७८ साली एडवर्ड मायब्रिज याने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली आणि दौडीत एका क्षणी चारही पाय जमिनीवरून सुटतात हे सिद्ध केले. हे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. पुढे-मागे ताणलेले पाय रंगवणारे चित्रकार चुकत होते हे जगाला तेव्हा कळले. डोळ्यांना जे निसटते ते छायाचित्र थांबवून दाखवते, आणि आयाळीच्या बाबतीतही हाच उपाय आहे. आळंदीच्या पालखी सोहळ्यातील रिंगणाचे चलच्चित्र भ्रमणध्वनीवर सावकाश चालवून पाहावे. मान खाली जाते तेव्हा आयाळ क्षणभर वरच तरंगत राहते. मान वर येते तेव्हा आयाळ खाली येत असते. केस नेहमी देहाच्या किंचित मागून पोहोचतात. हा उशीर चित्रात आला की गती दिसते.

वारा मात्र एकच असावा. कित्येक फलकांवर भगवा झेंडा डावीकडे, शेला उजवीकडे आणि आयाळ मागे उडताना दिसते. चित्र सुरू करण्यापूर्वी वेगळ्या थरावर वाऱ्याचा एक बाण काढून ठेवावा आणि काम संपेपर्यंत पुसू नये.

शेपूट काय सांगते

शेपूट हे घोड्याच्या मनाचे दर्शक आहे. उत्साहात ते उंचावते. भीतीने मांड्यांत दडपले जाते. चिडलेला किंवा दुखणारा घोडा ते झपाझप झटकत राहतो. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत बैलगाडा शर्यतींच्या घाटात गाड्यापुढे घोडी धावते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर या शर्यती नियमांच्या चौकटीत होत असल्या, तरी जनावरांच्या हालांचा प्रश्न चर्चेत राहतोच. चित्रकाराने तेथे पाहिलेले खरेपणाने रंगवायचे असेल तर घामाने मानेला चिकटलेली आयाळ, मागे वळलेले कान आणि ताठरलेले शेपूट हेही त्याला रंगवावे लागेल. दमलेल्या, घाबरलेल्या देहावर रेशमी उडती आयाळ चढवणे म्हणजे त्या जनावराची वेदना झाकणे होय.

घोडा कोणत्या मातीचा, हेही आयाळ सांगते. आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव, आणि त्याच्या काठाने वाहणारी नदी घोड. ती पुढे भीमेला मिळते. त्या भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा आटोपशीर बांध्याचा आणि काटक. त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद अलीकडेच झाली आहे. चित्र शोधणाऱ्याच्या पडद्यावर मात्र बरेचदा नेदरलँड्सचा फ्रिझियन घोडा येतो, लांब नागमोडी काळ्या आयाळीचा, आणि तोच महाराजांच्या मांडीखाली जाऊन बसतो. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यांत पाठीवर बिऱ्हाड लादलेली घोडी दिसते. तिची आयाळ धुळीने माखलेली, विरळ, कुसळे अडकलेली असते. अशा घोडीचे एक छायाचित्र, मालकाच्या परवानगीने घेतलेले, परदेशी घोड्यांच्या शंभर चित्रांपेक्षा अधिक शिकवते. मनुचीच्या संग्रहासाठी मीर महंमद याने सतराव्या शतकात काढलेले महाराजांचे अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे; तेही अभ्यासाला घ्यावे.

केसाविना कुंचला

पूर्वी बारीक केस रंगवायला बारीक केसांचाच कुंचला लागे. लघुचित्रकार खारीच्या शेपटीचे केस वापरत. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांना तर आजही चोरून मागणी असते. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे, आणि त्या केसांसाठी मुंगसाला मारले जाते. एका प्राण्याचे सौंदर्य रंगवण्यासाठी दुसऱ्याचा जीव घेण्याची ही विसंगती पडद्यावरच्या ब्रशने संपवली. तो केवळ गणिती ठशांचा बनलेला असतो. कोणाच्याही अंगावरचा केस त्याला लागत नाही. हाताने रंगवणाऱ्यांसाठी कृत्रिम धाग्यांचे कुंचलेही सर्वत्र मिळतात. कुंचला विकत घेताना तो कशाचा आहे हे विचारण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि दानांची नोंद आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. जिनप्रभसूरींच्या चौदाव्या शतकातील ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथातील कथेनुसार भगवान मुनिसुव्रत याच प्रतिष्ठानहून एका रात्रीत भडोचला गेले, कारण तेथे एका घोड्याचा अश्वमेधात बळी दिला जाणार होता. त्या घोड्याला बोध झाला. ते स्थान अश्वावबोध तीर्थ म्हणून ओळखले गेले. अबूच्या लूणवसहीत आणि कुंभारियाच्या मंदिरात ही कथा दगडात कोरलेली आहे.

हा प्रसंग कोणी संगणकावर रंगवायला घेतला तर त्या घोड्याच्या आयाळीला वारा देऊ नये. ती आपल्या भाराने मानेवर शांत पडलेली असावी, कान पुढे वळलेले असावेत आणि शेपूट सैल, मोकळे, सरळ खाली सोडलेले असावे. भीती गेलेला घोडा तसाच उभा राहतो.